दिल्या आणि कच्छची घळ

चहा घे, दिल्याचं सांगतो. धा वर्षांमागं हिवाळ्यात आम्ही चौघा दोस्तांनी गाडीनं कच्छला जायचं ठरवलं. तिथं वाळवंटात खडकाची एक घळ हाय, अंग चोरूनच आत शिरावं लागतं. आमचा दिल्या जुना पैलवान. तालीम सुटलेली, पण खुराक काय सुटला नव्हता. म्हटलं, आधी ट्रायल घेऊया. आमच्या इथं राजारामपुरीत दोन इमारतींच्या मधल्या बोळात घातला, तर गडी अडकला की! तिघांनी ओढून काढला.

"तुमी जावा रं," दिल्या म्हणाला.

"तू न्हाईस तर कुणीच न्हाय."

बेत तिथंच मोडला.

यंदा आजारपणानं दिल्या निम्मा झाला. दवाखान्यातनं घरी आल्यावर त्यानं फोन केला, "बोळातनं आरपार गेलो बघ. गाडी काढा!"