पिच्चरची शेवटची वीस मिनिटं

'रविवार, १९ जानेवारी २०२५. सकाळी बोचरी थंडी, दुपारी ऊन, वारा अजिबात नाही.' डायरीत लिहून ठेवलंय म्हणून तारीखवार सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल किशोरभाऊ रागाच्या भरात फेकतोय... पण राग येणार नाही तर काय होईल हो? चोवीस वर्षं मी बँडमध्ये झांज वाजवतोय, चोवीस! आणि माझं काम खाल्लं कोणी? माणसानं? मशीननं? नाही! एका पायानं! पडद्यावरच्या एका गोऱ्या माणसाच्या डाव्या पायानं!

तुम्हाला सांगतो, आमचा बँड दर्यापूरचा, भगवंतरावांचा. अकरा माणसं, लाल कोट, पुढे क्लॅरिनेट, मागे हातगाडीवर भोंगे. भगवंतरावांचे पुढचे दात काढले, ट्रम्पेट सुटला आणि कारभार आला पोराकडे, पियुषकडे. पियुष अमरावतीला मॅनेजमेंट शिकून आलेला. त्यानं ठरवलं, अख्ख्या बँडला अमरावतीला नेऊन पिच्चर दाखवायचा. जगप्रसिद्ध चार वादकांचा पिच्चर, हिंदीत केलेला. म्हणाला, "काका, याच्यातून करिअर शिकाचं हाय आपल्याले." करिअर! अहो, आम्ही वराती वाजवतो, मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत. आमचं करिअर फार तर दीड किलोमीटर असतं!

पण गेलो. मनोजची जीप केली, अकरा जण, त्यातले तीन मागे लटकून. पिच्चर चांगला होता, खोटं कशाला बोलू? चार पोरं, एका बोळातल्या खोलीत वाजवतात, उपाशी राहतात, मग जग डोक्यावर घेतं. लोक ओरडून जुनं गाणं मागतात, तर तो चष्मेवाला म्हणतो, नाही वाजवत! आणि लोक टाळ्या वाजवतात. आमच्याकडे नवरदेवाच्या मामाला नाही म्हणून बघा... टाळी वाजते, पण गालावर!

आणि ऐन रंगात आल्यावर, पडद्यावर ते चौघं एका टेबलाभोवती गप्प बसलेले, तेवढ्यात थिएटरचा दरवाजा उघडून मनोज आत! ड्रायव्हर! अंधारात उभा राहून ओरडतो, "दर्यापूर, दर्यापूर! गाडी सुटून राहिली! अंधार पडाच्या आत निंगाचं हाय, चाला!" दहाच्या दहा उठले. आमच्याशी काही संबंध नसलेली एक बाई पण उठली, तिला दर्यापूरलाच जायचं होतं. पियुष म्हणतो, "काका, उठा, मुद्दा आला ध्यानात." मी म्हटलं, मी उठत नाही. "अबे किशोरकाका, गाडी जाऊन राहिली!" जाऊ दे. वीस मिनिटं उरली होती. मी उठलो नाही म्हणजे नाही! पिच्चर मी शेवटपर्यंत पाहिला, आणि मग एसटीनं उभ्या उभ्या घरी आलो.

सोमवारी पियुषनं बँडच्या खोलीत भिंतीवर कागद चिकटवला. 'करिअरचे धडे.' पहिला, चारच माणसं पुरतात. दुसरा, फर्माईश घ्यायची नाही. तिसरा, स्वतःचीच धून वाजवायची. चौथा, प्रत्येकानं आपला हट्ट सोडायचा नाही. मग नावं वाचली. वली, क्लॅरिनेट. दानियाल, गाणं. गोपाल, ढोल. आणि पियुष स्वतः, कॅसिओ. झाले चार. मी म्हटलं, "अन् झांज?" तर म्हणतो, "काका, पिच्चरमदे पाह्यलं नाही का? त्यायच्यात झांजवाला वेगळा नसते. ढोलवालाच पायानं वाजवते."

पायानं!

मी म्हटलं, "पियुष, ते बसून वाजवतात रे. आपण चालत वाजवतो. वरातीत पाय रिकामा असते का कोणाचा?" म्हणतो, "गोपालले हातगाडीवर बसवू." बरं, मग हातगाडी ढकलणार कोण? तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

म्हटलं, ढकलतो. पण एक गोष्ट ऐका, त्या पिच्चरच्या शेवटी... "काका, तुमची गाडी चुकली, आता शाहनपन नका शिकवू." असं वली म्हणाला. वली! ज्याच्या क्लॅरिनेटची पत्ती वरातीत चिरली की नवी माझ्या खिशातून निघायची! बाकीचे सहा जण आपापल्या शेताला, दुकानाला लागले. भगवंतराव म्हणाले, "किशोर, वय झालं तुयं, दे ते झांज इकडं, शोकेसमदे ठेवू." मी म्हटलं, भगवंतराव, झांज माझी आहे. अमरावतीहून मी आणलेली. बँड तुमचा, कोट तुमचा, हा घ्या कोट! झांज मिळणार नाही. आणि अजून सांगतो, पिच्चर मी शेवटपर्यंत पाहिला... "जाय ना बावा आता!" म्हणाले. दात नसल्यामुळे तेही नीट म्हणता आलं नाही त्यांना.

पहिली वरात तेल्हाऱ्याची. रविवार, १६ फेब्रुवारी, आकाश साफ, ऊन कडक. पुढे वली आणि दानियाल काळे चष्मे लावून. मागे हातगाडी, तिच्यावर भोंगे, पियुषचा कॅसिओ आणि स्टुलावर गोपाल, पायाखाली नागपूरहून मागवलेली ती पायाची झांज. आणि हे सगळं ढकलतंय कोण? मी! माझ्या जागेवर बसलेल्या पायाला मीच ढकलतोय! देवा, कोणाच्या नशिबी आलं असेल हो असं? गतिरोधक आला की गोपाल ओरडतो, "काका, हळू! ताल हुकून राहिला!" पोटाशी सदऱ्याच्या आत माझी झांज.

सुरू झाली स्वतःची धून. पियुषनं रचलेली. तुम्हाला सांगतो, तेल्हाऱ्यात ज्या घोड्यानं शंभर वराती पाहिल्या असतील तो घोडासुद्धा मान वळवून बघायला लागला. नाचणारे हात वर करून तसेच उभे. तेवढ्यात नवरदेवाची आत्या पुढे आली, माणिकबाई. "ओ बँडवाले! नागीण वाजवा!" पियुष अगदी पिच्चरसारखा, "मावशी, आमी फर्माईश घेत नाही."

"फर्माईश घेत नाही? मंग काय घेता? आठ दिवसापासून गुडघ्याले तेल चोळून राहिली मी नाचासाठी! ह्या एकाच भाच्याचं लग्न रायलं माह्या डोयापुढं! वाजव म्हणतो ना!"

वलीला दया आली, त्यानं नागीण धरली. पियुष ओरडला, दुसरा धडा! वली म्हणाला, चौथा धडा, हट्ट सोडाचा नाही, मी वाजवणार! दानियाल माईकवरूनच, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, "अन् गाडीवरच्या बोर्डावर माझं नाव शेवटी काहून? गाणारा मी अन् नाव शेवटी?" गोपाल स्टुलावरून उतरला, "सारा वजनदार धंदा मी करून राहिलो, अन् भांडता तुमी!" आणि ढोल रस्त्यात ठेवला. पिच्चरच्या शेवटच्या वीस मिनिटांतलंच भांडण, शब्द न् शब्द तोच, टेबल नव्हतं एवढंच! मला पुढचं सगळं पाठ होतं ना! आता चष्मेवाला चष्मा काढून फेकणार... वलीनं फेकला. आता गाणारा दारातून निघून जाणार... दार नव्हतं, दानियाल रसवंतीमागून गेला. तीन मिनिटांत चौघांचे तीन गेले आणि पियुष हातगाडीच्या दांडीवर डोकं धरून बसला.

वरात थांबलेली. मामा बाह्या वर करतायत. वर घोड्यावर नवरदेव रडकुंडीला आलेला. माणिकबाई कमरेवर हात ठेवून तशीच उभी. तेव्हा पियुषनं वर बघितलं आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्या बँडमध्ये कोणी मला काही विचारलं. "काका... पिच्चरमदे मंग पुढं काय झालं होतं?"

मी सांगितलं नाही. माझे दोन्ही हात कामात होते.

सदऱ्यातून झांज काढली होती मी. नुसत्या झांजेवर नागीण वाजते का? नाही वाजत. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण माणिकबाईला माहीत नव्हतं! ती नाचली. मग मामा नाचले, आणि मामा नाचले म्हटल्यावर घोडा चालला. मी पुढे, कोट नाही, चष्मा नाही, घामानं निथळतोय, आणि मागून पियुष एकटा हातगाडी ढकलतोय.

डायरीत त्या दिवसाखाली लिहिलंय ते वाचून दाखवतो. 'मारुतीच्या देवळापासून मंडप १,१४० पावलं. वाद्य एक. लग्न १२ वाजून ५४ मिनिटांनी लागलं.'

दर्यापुरात आता चार बँड आहेत. वलीचा, दानियालचा, गोपालचा आणि पियुषचा. चौघांचेही फोन आले. येत्या २ मार्चला चौघांकडेही एकेक वरात आहे. चारही दुपारी बाराच्या. झांजवाला एक.