पाणी आलं कुठून?

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत एक शिक्षिका गॅरेजच्या बाकावर बसून होती. समोर उघड्या बॉनेटपाशी एक म्हातारं जोडपं आणि मेकॅनिक बोलत होते, ते तिच्या कानावर पडत होतं.

“काका, ऑइलमध्ये पाणी शिरलंय. पार दुधाळ झालंय. पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं हेड गॅसकेट उडालं असेल. इंजिन तापत होतं का?”

“छे! काटा जागचा हलला नाही.”

“पांढरा धूर?”

“तोही नाही.”

“मग पाणी आलं कुठून? माझीच मती गुंग झालीय. बरं, तुम्ही पाणी कुठं ओतता?”

“कुठं म्हणजे? या पिवळ्या झाकणातून.”

“अहो काका, हे ऑइलचं झाकण!”

“ते मी ओतलं,” काकू घाईघाईने म्हणाल्या. “यांनी नाही.”

“तू? तू कधी बॉनेट तरी उघडलंयस का?”

“नक्की कोणी ओतलं?”

“मीच रे,” काकांनी कबूल केलं. “झाकणावरचं चित्र हल्ली दिसत नाही मला.”

“आणि रस्ता?”

“रस्त्यावरचं ही सांगते की मला. डावीकडून ट्रक, पुढे सिग्नल...”

मेकॅनिकने हात पुसले आणि गाडीची चावी काढून घेतली.

“गॅसकेट बहुतेक शाबूत आहे. ऑइल बदलून देतो. पण काका, चावी कुणाच्या हातात देऊ?”

“माझ्या,” काकू म्हणाल्या.

“तुला कुठं गाडी चालवता येते?”

“म्हणूनच.”