हाइंकेलचा डावा पंख

— नाही नाही, तिकडे नको, शेपटी आहे तिथं. या वेताच्या मोढ्यावर बसा. जरा वाकून हं, डोक्याला पंख लागेल! आई-वडील मागून ऑटोनं येतायत ना? कोटरा सुल्तानाबादहून आमच्या पिपलानीपर्यंत, म्हणजे अख्खं शहर ओलांडून, वेळ आहे. निवांत बोलू. सोफा? तो शेजारच्या क्वार्टरमध्ये ठेवलाय. या खोलीत एक तर सोफा राहील, नाहीतर विमान. वसुधाची आई, आमची मंगला, म्हणाली सोफा, मी आणि वसुधा म्हणालो विमान. झालं, सोफा गेला!

हे हाइंकेल सत्तर, उदयराव. लाकडी नमुना, खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचा. जर्मनांचं टपालाचं आणि प्रवाशांचं विमान, सन बत्तीसचं. का बनवलं? तर स्विस लोकांनी अमेरिकेचं एक वेगवान विमान घेतलं आणि जर्मनांचं पित्त खवळलं — आमच्या शेजारी राहून हे आमच्या पुढं पळणार? मग काय केलं? नुसतं मोठं इंजिन लावलं? छे, ते कुणीही लावेल! गुळगुळीत केलं हो. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी पत्र्यात बुडवली, चाकं उडताना पंखात ओढून घेतली, वाऱ्याला पकडायला म्हणून काही ठेवलंच नाही. आणि चार प्रवासी कसे बसायचे माहीत आहे? आत्ता आपण बसलोय तसे — समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. मागं सरकू नका, असंच बसायचे ते!

उडेल का? कसं उडेल, इंजिन कुठं आहे त्यात? मग इतकं घासायचं कशाला — बघा, हेच वसुधाला बघायला आलेल्या मागच्या मुलानं विचारलं. अरेरा कॉलनीचा, बँकेतला. त्याला शेपटीपासून समजावत आणलं, कॉकपिटपर्यंत पोचेतो गडी उठून गेला. त्याच्या आधीचा तर चहालाही थांबला नाही. मंगला म्हणते, मी मुद्दाम करतो. मुद्दाम कशाला करीन? मुलगा बघायला यायचा म्हटलं की माझ्या तोंडात विमानच येतं, त्याला मी काय करू — हा उजवा पंख बघा, हात फिरवा. लोणी आहे की नाही? वसुधानं घासलाय. ऑफिसातून आली की पॉलिशपेपर घेऊन बसते, मी समोर, रेडिओ चालू. फार बोलत नाही आम्ही. डावा अजून खरखरीत आहे. ती गेली तर तो कोण घासणार, सांगा ना? मला नाही करमायचं हो तिच्याशिवाय... काय बोलतोय मी! सोडून द्या.

अहो, काय करताय? ठेवा तो पॉलिशपेपर, शर्टाची वाट लागेल. मुलगी बघायला आलात ना तुम्ही? — आडवं नाही, आडवं नाही, लाकडाच्या रेषेनं. हां. दाबू नका, हलक्या हातानं... बरं जमतंय की!

वसुधा? तू केव्हापासून उभी आहेस दारात? आणि हसतेस काय अशी? मागच्या दोघांच्या वेळी नव्हतीस हसली.

बरं. द्या तो पॉलिशपेपर इकडं. उठा, उदयराव. दोघं गॅलरीत जाऊन बोला. डाव्या पंखाचं मी बघतो. अगं, जा म्हणतो ना — मला काम आहे इथं.