रसूलभाईंनी अडवलेली लॉरी

मंडळी, ऊन सोडून जरा पुढं सरका. बायामाणसांना सावली द्या. सिरसाळ्याचा सगळा मोंढा, सगळा बाजार, आज रसूलभाईंच्या दुखवट्याला इथं बसलाय. मला सभेत बोलायची सवय न्हाई. मी निवृत्ती, बन्सीशेठची लॉरी चालवणारा. शब्द पुढंमागं झाले तर सांभाळून घ्या.

रसूलभाई मिस्त्री भित्रे होते. आपण सगळेच तसं म्हणायचो. विहिरीत डोकवायचे न्हाईत. बैल शिंग हलवायला लागला की रस्ता बदलायचे. हसू नका असं मी म्हणणार न्हाई. ते स्वतः हसायचे.

मंडळी, ही लॉरी नव्या बनावटीची. मागच्या दोन चाकांच्या मधी एक लोखंडी गोळा असतो, त्यात दातेरी चक्रं. ह्या लॉरीत तो गोळा दोन्ही चाकं जखडून धरतो. एक चाक चिखलात फिरत बसलं तरी दुसरं ओढतं. काळ्या रानातल्या वाटंला लई चांगली. पण वळणावर गोळा कुरकुरतो. विकणाऱ्यानं ते आधीच सांगितलं होतं.

जत्रंच्या दिवशी अंबाजोगाईला जायला तुमीच जमला होता. लेकरं, म्हाताऱ्या, गाठोडी. मी दिंद्रुडहून लॉरी घेऊन आलतो. रसूलभाई पुढं आले अन् म्हणले, "निवृत्ती, आवाज कावून येतोय रे?"

मी म्हणलं, "भाई, वळणावर येतोच की."

"तू तर सरळ आलास."

मंडळी, मी मागं वळून वाट बघितली. खरंच, मी सरळ आलतो.

बन्सीशेठ, तुमी समोर बसलाय. तुमी म्हणला होता, "मिस्त्री, तुमाला सावलीचं बी भ्या वाटतं. लोकं खोळंबलेत." तुमच्या जागी कुणीबी तेच म्हणलं असतं. भाईंनी तुमाला काय उत्तर दिलं?

"शेठ, भ्या वाटतंय म्हणूनच सांगतो. परळीच्या पुढं चढ हाय. चढावर गोळ्यातले दात मोडले तर इंजिनाची ओढ सुटंल. भरलेली लॉरी मागं येईल. ब्रेक तिला धरील का?"



मग त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवलं. मागचा आस दगडांवर टेकवून दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून घेतली. मला बजावलं, "एक जरी चाक जमिनीला टेकलं तर ही उडी मारंल. क्लचवर पाय ठेव." मी म्हणलं, "भाई, खाली जाऊ नका. बाहेरून ऐका." ते म्हणले, "बाहेरून नुसतं इंजिन ऐकू येतं."

खाली जाताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ हलत होते. अल्लाचं नाव घेत होते. लॉरीखाली जायला त्यांना लई भ्या वाटायचं, मंडळी. तरी गेले.

मी गिअर टाकला. चाकं हवेत फिरली. मी रेस वाढवली, सोडली. खालून आवाज आला, "अजून एकदा सोड." मी सोडली. तवा मलाबी ऐकू आलं. कट्... कट्... कट्. कोरडं हाड मोडावं तसं. भाई ओरडले, "दातच मोडलेत! बंद कर!"

अन् त्याच वक्ताला डावीकडचा दगड सरकला. चाक टेकलं. मी क्लच दाबला, पण लॉरीनं तवर उडी मारली होती, अन् भाई खालीच होते.

पुढचं तुमी पाहिलं. तुमीच लॉरी उचलली.

भाईंना बाजेवर घेतलं तवा श्वास होता. भाभी धावत आल्या. भाईंनी माझा सदरा धरला. "लोकं बसली न्हाईत ना?"

"न्हाई भाई. सगळे खालीच हायत."

त्यांनी मूठ सोडली. दवाखान्याची वाट अर्धीबी सरली न्हाई.

मागनं आमी गोळा उघडला. तेलात तुटके दात पडले होते. उरलेल्यांना चिरा गेल्या होत्या. बन्सीशेठनं ते हातात घेतले अन् तिथंच खाली बसले.

भाभी, तुमी बायांत बसलाय. तुमाला काय सांगू? ह्या लेकरांकडं बघा, एवढंच सांगतो.

मंडळी, आता हैदराबादेहून नवी चक्रं आलीत. लॉरी दुरुस्त झाली. उद्या मलाच ती चालवायची हाय. मला भ्या वाटतंय. झोपेत बी ती कटकट ऐकू येती. पण मी ते भ्या घालवणार न्हाई. वाटंत मी लॉरी थांबवली अन् "उतरा" म्हणलं, तर कावून म्हणून विचारू नका. उतरा. ऊन असो, जत्रा चुको, उतरा. एवढा शब्द मला आज रसूलभाईंच्या नावानं द्या.

आता उठा. लेकरांना जवळ घ्या. टोप्या, पटके नीट करा. थोडा वेळ कुणी बोलू नका.

रसूलभाई, सलाम.