दिगू सारंगाची थंड तांबोशी

मंडळी, कीर्तन सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारते. उत्तर घाईने देऊ नका. घाईने दिलेलं उत्तर बहुतेक वेळा शेजाऱ्याचं असतं!

देव कुणाचा? रोज पहाटे देवळाचा उंबरा झिजवतो त्याचा, की वर्षातून एकदा जत्रेला कोरा शर्ट घालून येतो त्याचा?

बघा, बघा! पुढच्या रांगेतल्या माना कशा ताठ झाल्या! आणि ते मागे खांबाला टेकलेले आपापल्या चपला शोधायला लागले. अहो, थांबा! मी अजून निकाल दिलेला नाही.

प्रश्न पुढेच आहे. हा रोज येणारा म्हणाला, "देव माझा!" बरं, तुझा. पण म्हणून त्याने जत्रेकऱ्याचा पाय घसरावा म्हणून पायरीवर तेल ओतलं तर? हसता काय! ओतलं एकाने. देवळात नाही, समुद्रात!

ऐका तर.

कुरलेबंदर नावाचं एक गाव. पुढे समुद्र, मागे डोंगर, मध्ये रवळनाथाचं देऊळ. तिथे दिगंबर सारंग राहायचा. गाव त्याला दिगू म्हणायचं. धंदा काय? पर्यटकांना होडीत घ्यायचं, खडपावर न्यायचं, हातात गळ द्यायचा. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक, मासा तिथे घर करून असतो. पाहुणा मासा ओढणार, फोटो काढणार, खूश होणार. बारा महिने, पावसाळा सोडला तर, दिगूचं हेच काम. सोमवार ते शुक्रवार धक्क्यावर कोण? दिगू आणि कावळे! गिऱ्हाईक यायचं ते शनिवार-रविवारी. त्या दोन दिवसांवर बाकीचा आठवडा शिजायचा.

आणि नेमका शनिवारी सकाळी कोण यायचा? वामन तारी!

हा वामन एसटीत कंडक्टर. ड्यूट्या बदलून घेऊन शनिवार-रविवार मोकळा ठेवायचा, आणि स्वतःची होडी पाण्यात लोटायचा. गोडबोल्या माणूस. बायकांना हात देऊन चढवायचा, म्हाताऱ्यांना सावलीत बसवायचा. पाहुणे म्हणायचे, "काका, तुमच्याच होडीतून!"

दिगूचं पित्त खवळायचं. "पगारय खाता, आणि समुद्रय खाता!" तो बायकोला म्हणायचा. "आमी उनात वाळतंव, आणि ह्यो आयतवारचो नाखवो!"

प्रभा, म्हणजे दिगूची बायको, सुरमईचे तुकडे करता करता म्हणायची, "समुद्र काय तुझ्या सासऱ्यान हुंड्यात दिल्यान?"

आता चूक कुणाची? सांगा बघू! दिगूची? त्याच्या पोटाचा प्रश्न आहे हो. वामनची? त्याचा बापही दर्यावर्दीच होता. पगार घरात येत होता, पण रक्तातलं खारट पाणी तिकीट फाडून कमी होतं काय?

पण एक गोष्ट खरी होती. वामन दिगूच्या मागे मागे जायचा. का? कारण खडपाची जागा पाण्यावर लिहिलेली नसते. जुने लोक खुणा धरतात. देवळाचा कळस आणि डोंगरावरचं अमुक झाड एका रेषेत आलं, किल्ल्याचा बुरूज आणि तमका माड एका रेषेत आला, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे मासा. ही खूण बाप मुलाला सांगतो. जावयाला सांगत नाही, कितीही वरदक्षिणा दिलेली असो! आणि तीसुद्धा पाण्यावर सांगायची, जमिनीवर कधी नाही. वामनचा बाप तो लहान असतानाच गेला, आपल्या खुणा घेऊन. मग पोर काय करणार? दिगू थांबला की थोड्या अंतरावर तोही थांबायचा.

दिगू ठणाणा करायचा. मग एके दिवशी ठणाणा बंद झाला. मंडळी, भांडणारा माणूस एकदम गप्प झाला की समजावं, आता डोकं चालायला लागलं!

कुरलेबंदरासमोर एक जागा आहे, दातेरा. पाण्याखाली नुसते सुळे! मासा फारसा नाही, आणि नांगर पडला की खडकात असा रुततो की निघता निघत नाही. रोजच्यांना हे ठाऊक, म्हणून ते तिथे नांगर टाकत नाहीत; रविवारच्या वामनला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. दिगूने काय केलं? शनिवारी कोल्हापूरचं एक कुटुंब घेतलं आणि सरळ दातेऱ्यावर गेला! नांगर टाकल्याचं सोंग केलं. दोराला नुसता धोंडा बांधलेला. लांबवर वामनची होडी आहे, हे तिरक्या डोळ्याने पाहिलं. मग बर्फाच्या पेटीतून आदल्या दिवशी पकडलेली तांबोशी मासळी काढली, हळूच गळाला अडकवली, पाण्यात सोडली आणि —

"गावली! गावली रे! बघा केवढी तांबोशी!"

असा ओढला दोर, जणू देवमासाच लागलाय! कोल्हापूरच्या वहिनींनी मासा हातात घेतला. त्या म्हणाल्या, "अगं बया! मासा थंडगार लागतोय की वो!"

दिगू म्हणाला, "खोल पाण्यातलो आसा, वहिनी."

"डोळं बी मिटल्यागत दिसत्यात."

"दमलो तो."

हसा, हसा! मलाही हसू येतं. पण पेटीवाले अण्णा, सूर जरा खाली आणा. पुढे हसायचं नाही.

दिगूच्या मनात कुणाचा जीव घ्यायचं नव्हतं, हे आधी सांगते. त्याला एवढंच वाटलं की वामनचा नांगर अडकेल, दिवस फुकट जाईल, पाहुणे वैतागतील, पुढच्या रविवारी हा हौशी नाखवा घरी झोपेल. बस, एवढंच! पण वाईट काम कधी मोठं असतं का हो? करताना ते नेहमी एवढंसंच असतं.

रविवार उजाडला. दिगू आपल्या खऱ्या जागी गेला. लांबून त्याने पाहिलं, वामनची होडी दातेऱ्यावर उभी! होडीत बायका, मुलं, रंगीत टोप्या. दिगू गालात हसला.

दुपारी वारा फिरला.

अडकलेला नांगर आणि वाढती लाट म्हणजे काय, हे या गावात सांगायला नको. लाटेबरोबर होडी वर उठू पाहते, दोर तिला खाली धरतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात जाते. वेळेवर दोर कापला तर वाचली, नाहीतर बुडाली!

सगळ्या होड्या परतल्या. दिगूही परतला. पाहुण्यांना उतरवलं, घरी आला. प्रभाने भात वाढला. दिगूने पहिला घास कालवला आणि तो हातातच राहिला.

इतक्यात दारात वामनची बायको मंगल. पदराचं टोक मुठीत. "भावजी, हे खंय दिसले तुमका? सगळे इले, हेंचीच होडी येवक नाय. फोन लागना नाय."

"येतलो गो," दिगू म्हणाला. "खंय जातलो!"

मंगल धक्क्याकडे पळाली. प्रभा मात्र हलली नाही. नवऱ्याच्या हातातल्या घासाकडे बघत म्हणाली, "काय केलंस?"

बायकांना कसं कळतं? मला विचारू नका. तुम्ही घरी जाऊन विचारा!

दिगूने सांगितलं. बर्फातला मासा, धोंडा, दातेरा, सगळं. प्रभा ओरडली नाही, रडली नाही. ताट उचललं, झाकलं. त्याच्या शेजारी दुसरं ताट वाढलं, तेही झाकलं.

"दोघांचा जेवान झाकून ठेवतंय," ती म्हणाली. "दोघय येवा."

दिगू उठला तो धावतच सुटला. प्रभाने मागून बाकीच्या नाखव्यांना हाक घातली, बंदर चौकीला फोन करवला. पण दिगू कुणासाठी थांबला नाही. होडी लोटली, इंजिन सुरू केलं आणि एकटा निघाला.

लाटा उंच झालेल्या. अंगावर पाणी. दातेऱ्यावर पोचला. आणि होडी नाही!

पांढरा डबा तेवढा एकटा नाचतोय पाण्यावर. डब्याला दोर. दोराचं वरचं टोक कापलेलं. पण वेळेवर कापलं होतं, की होडी भरल्यावर?

"वामन! ए वामन!"

वारा तोंडातला शब्द तोंडातच कोंबत होता. रंगीत टोप्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. आणि मग दिगू सारंग, जो रोज पहाटे रवळनाथापुढे हात जोडून 'आज गिऱ्हाईक दी, बरा गिऱ्हाईक दी' म्हणायचा, तो होडीत गुडघ्यांवर बसला. काय म्हणाला? ऐका!

"देवा रवळनाथा! शनवार त्येका दी, आयतवार त्येका दी! सगळी गिऱ्हाईकां त्येकाच दी! खडप दी, मासो दी! पण त्येका परत दी!"

मंडळी, इतकी वर्षं उंबरा झिजवला, पण दुसऱ्यासाठी मागितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. देव म्हणाला असेल, चला, आज दिगू आला एकदाचा देवळात!

आणि वाऱ्यातून एक आवाज आला. शिट्टी! लांब, मग दोनदा आखूड. अहो, एसटी मागे घेताना कंडक्टर वाजवतो ना, तीच!

दिगूने होडी वळवली. थोडं पुढे एक खडकाळ बेट आहे. त्याच्या आडोशाला वारा लागत नाही, पाणी तळ्यासारखं. तिथे वामनची होडी! पाहुणे सगळे लाइफ जॅकेट घालून ओळीत बसलेले. कुणी चिवडा खातंय. एक आजी डोळे मिटून जप करतायत. आणि वामन तोंडात शिट्टी धरून उभा!

 दिगूला हसू आणि रडू एकदम आलं, ते नाकातून बाहेर पडलं.

"मेल्या, जितो आसस!"

"मगे काय!" वामन म्हणाला. "नांगर अडाकलो, वारो इलो, दोर कापलंय. टोकाक डबो बांधलंय, उद्या येवन नांगर काढूक. वाऱ्यात माणसां घेवन नेण्यापरास म्हटलंय हंय थांबूया. गाडी उशिरान पोचली तरी चलात, पोचाक व्हयी."

आणि एवढ्यात दिगूच्या होडीचं इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि बंद!

डिझेल संपलं होतं. बारा महिन्यांच्या नाखव्याचं! घाईत टाकी बघायचीच राहिली. आजींनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "हे आम्हाला वाचवायला आलेत का?"

होड्या एकमेकींना लागल्या. दिगू खालच्या आवाजात म्हणाला, "वामन, ती जागा खोटी. काल मी बर्फातली तांबोशी गळाक लावलंय."

"माका ठावक आसा."

"काय ठावक?"

"तांबोशी पाण्यातसून इली की शेपटेन होडी बडयता. तुझी गप निजलेली! मी कंडक्टर रे दिगूदादा. झोपेचा सोंग करणारो पॅसेंजर मी लांबसून वळाखतंय."

"मगे थंय गेलंस कित्याक?"

वामनच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. "म्हटलंय, मासो नसात थंय. पण ह्या पाहुण्यांका नुसतो गळ धरून बसाची हौस. जागा तरी बिनधोक असतली. दिगूदादा माशाचा खोटा बोलात, पण नांगराचा खोटा बोलाचो नाय."

दिगूने मान खाली घातली. "बोललंय," तो म्हणाला. "मुद्दाम. दातेरो ठावक असान."

वामनने शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाला, "बायकापोरां होती रे माझ्या होडीत. दोर कापताना पोरां माझ्याकडे बघीत होती."

दिगूने दोन्ही हात जोडले. 

वारा पडायला लागला होता. वामनने पाहुण्यांकडे पाहिलं, घराकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं, दोराचं एक टोक उचललं आणि दिगूच्या होडीत टाकलं. एवढंच म्हणाला, "धर."

आणि निघाली वरात! पुढे रविवारचा नाखवा, मागे दोरावर ओढला जाणारा बारमाही नाखवा!

वाटेत दिगूने हाक मारली, "वामन, इंजिन बारीक कर! डावीकडे बघ. कळस खंय आसा?"

"सुरूच्या झाडाखाली."

"आता उजवीकडे. बुरूज?"

"माडाक लागलो."

"हंय," दिगू म्हणाला. "माझ्या बापाशीची जागा. लिवन ठेव नको. डोळ्यात ठेव."

वामन वळून बघतच राहिला. दिगूने तोंड फिरवलं. म्हणाला, डोळ्यात पाणी उडालं.

धक्क्यावर अख्खं गाव, वारा पडायची वाट बघत अडकलेले नाखवेही. मंगलने नवऱ्याला आधी घट्ट धरलं, मग पाठीत रट्टा घातला. प्रभाने दोघांना घरी नेऊन दोन्ही ताटं उघडली. भात गार झालेला. पण त्या दोघांनी तो असा खाल्ला मंडळी, की मांजराला काही उरलं नाही!

पुढे त्यांची भांडणं मिटली? छे! दर रविवारी धक्क्यावर गिऱ्हाइकावरून वाजतंच. पण सोमवारी एसटीत कुणी पाहुणा चढला की वामन तिकीट देता देता म्हणतो, "कुरलेबंदराला चाललात? दिगंबर सारंगांना भेटा. मासा ताजा लागेल, जबाबदारी माझी!" आता मंगळवारीही धक्क्यावर दिगूला आणि कावळ्यांना गिऱ्हाइकांची सोबत असते.

तर देव कुणाचा? रोजच्याचा की जत्रेकऱ्याचा? तुम्हीच ठरवा. मला दुसरंच विचारायचंय.

या मांडवात एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं तरी असणारच. मला नावं ठाऊक नाहीत, सांगूही नका. धंद्यावरून असेल, बांधावरून असेल, जावाजावांत असेल. 'मी कष्टाची, ती आयत्या बिळावरची', हे मनात घोळत असेल. आणि एखादी पायरी, एखादं तेलाचं भांडंही मनात तयार असेल. ओतण्याआधी त्या दुसऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघा हो! तुमची लबाडी त्याला कधीच कळलेली आहे. तुम्ही काय बोलता, काय लपवता, सगळं त्याला ठाऊक आहे. आणि तरीही, बाबांनो, तुम्ही उभे आहात तिथे धोका नसणार, एवढ्या भरवशावर तो आपली बायकामुलं घेऊन तुमच्या शेजारी नांगर टाकतोय!