उरलेलं पाणी कुठं जातं

ट्रिंग्, आणि मागोमाग एक कोरडं टक्. साठ वर्षांपूर्वी सांगवीत आमच्या अंगणाबाहेर रोज सकाळी हा आवाज यायचा, आणि मी तोंडातला घास तसाच घेऊन पळत सुटायचो. घंटीची वाटी सैल होती, म्हणून ते टक्.

आदरणीय अध्यक्ष इंद्रजितराव, व्यासपीठावरील मान्यवर, इंदापूर परिसरातले माझे समवयस्क ज्येष्ठ नागरिक आणि माता-भगिनींनो, आधी क्षमा मागतो. तुमची नावं घेण्यापूर्वी मी एका घंटीचं नाव घेतलं. पण आज जो सत्कार तुम्ही करता आहात, तो त्या घंटीमागून चालत आलेला आहे. सत्तरीतल्या दोन म्हाताऱ्यांनी नदीकाठानं सायकली हाणत समुद्र गाठला, असं निमंत्रणपत्रिकेवर छापलंय. दोन शाली आणल्यात, दोन नारळ. माझ्या शेजारची खुर्ची मोकळी आहे, तरी आपल्या ऋषिराजनं तिच्या पाठीवर दुसरी शाल नीट घडी घालून ठेवली. पोरगा मनानं चांगला आहे. पण मघापासून मला त्या खुर्चीकडं बघवत नाही.

ती खुर्ची सोपानची, आणि ती घंटीही त्याच्याच सायकलची. तो मूळचा वरकुट्याचा, शिकायला सांगवीत मामाकडं होता. चौथीत गुरुजींनी नकाशा टांगला आणि विचारलं, "सोपान, आपली नीरा कुठं जाते?" हा उठला आणि म्हणाला, "आमच्या उसात, गुरुजी." वर्ग हसला. मीही हसलो. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे. आणि उरलेली?"

मंडळी, एखाद्याला एखादा प्रश्न आयुष्यभर पुरतो. पुढं मी शिक्षक झालो, पोरांकडून नदीच्या कविता पाठ करून घेतल्या. तो वरकुट्यात ऊस लावत राहिला. पण भेटला की हमखास म्हणायचा, "गुरुजी, उरलेली बघायची राह्यली आपली." मी निवृत्त झालो, त्याची शेती दीपकनं, त्याच्या मुलानं, हाती घेतली, आणि यंदा संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो.

नरसिंहपूरला नीरा भीमेत मिसळते, तिथं तो सायकलवरून उतरला. म्हणाला, "आता हिला कुणी नीरा म्हणायचं न्हाय." पुढं भीमा कृष्णेत गेली. मुलूख बदलला, भाषा बदलली, याला काही फरक पडला नाही. ऊस असो की मिरची, कुठल्याही बांधावर थांबून तो आपल्या मराठीत विचारायचा, "एकरी किती उतारा पडतोय?" आणि समोरचा त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघं खुशीत मान डोलवायचे. मी विचारलं, "काय म्हणाला रे?" तर म्हणाला, "तुला कविता कळत्यात, मला मिरची कळती."

रोज सकाळी तो नदीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा आणि मला येऊन सांगायचा, "अजून गोडच हाय." छत्तिसाव्या दिवशी सकाळी परतला. ओला हात माझ्यापुढं धरला. मी बोट लावून चाखलं. खारट होतं. सत्तर वर्षांचा माणूस, त्याचा चेहरा चौथीतल्यासारखा झाला होता.

आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आमचा एक नियम होता. पुढं कायम मी, मागं तो. त्यानं अधूनमधून एकदा ती जुनीच घंटी वाजवायची, म्हणजे मी समजायचं, आहे. सलग तीनदा वाजली, तर मी थांबायचं. पस्तीस दिवस हा नियम पाळला. छत्तिसाव्या दिवशी वाट झिंग्यांच्या तळ्यांमधून, बांधावरून जात होती. समुद्र सहा किलोमीटरवर. समोरून खारा वारा येत होता आणि मी मोठ्यानं नदीची कविता म्हणत होतो, पाठ्यपुस्तकातली, चाळीस वर्षं शिकवलेली. शेवटचं कडवं लागलं होतं. आणि मागून घंटी वाजली. तीनदा.

पेपरात आलंय की वाऱ्यामुळं मला ऐकू आलं नाही. ते मीच सांगितलं होतं. दीपकलाही तेच सांगितलं, डॉक्टरांनाही. ते खोटं आहे. मला तिन्ही वेळा ऐकू आलं, टक्‌सकट. मी मनात म्हटलं, एवढं कडवं संपू दे. कडवं संपलं आणि समोर लांबवर पाण्याची रेघ दिसली. मग म्हटलं, आता आलोच की, येईल तो मागून.

मी वाळूत उतरलो. पाय धुतले, फोटो काढले. दोन तास.

परत गेलो तेव्हा तो बांधाखाली पडलेला होता. चक्कर येते म्हणून घंटी वाजवली आणि त्यानंतर पडला. खुबा मोडला होता. म्हशी राखणारी एक बाई त्याच्या डोक्यावर पदराची सावली धरून बसली होती. त्यानं मला एकच विचारलं, "पोचलास?" मी म्हणालो, "व्हय." म्हणाला, "बरं झालं."

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. चार महिने झाले, वरकुट्याला खाटेवर आहे. आता जेवणही तुटलंय म्हणतात. मी तीनदा गेलो. छबूवहिनींनी, त्याच्या मंडळींनी, दारातच पाण्याचा तांब्या दिला. बसा म्हणाल्या नाहीत. "झोपल्यात," म्हणाल्या. तिन्ही वेळा दुपार नव्हती आणि आतून त्याचा खोकला ऐकू येत होता.

तेव्हा सांगा मंडळी, समुद्र गाठला म्हणून शाल मला कशी घ्यावी? प्रश्न त्याचा होता. उत्तर मी बघून आलो, आणि ते ज्याला सांगायचं त्याचं दार मला बंद आहे. माझी शाल मी आत्ता काढून त्याच खुर्चीवर ठेवतो. इंद्रजितराव, राग मानू नका.

ज्येष्ठ नागरिक संघाचे आभार. ज्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा केला, त्यांचेही आभार. आता शेवटी म्हणायची रीत आहे की, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. किती निरोप समारंभांत मी हे वाक्य म्हटलं असेल, मोजदाद नाही. आज पहिल्यांदा ते खरोखर कुणाला तरी म्हणायचंय, आणि तो माणूस…

दाराशी काय गडबड आहे? ऋषिराज, वाट द्या जरा त्यांना.

छबूवहिनी? तुम्ही?

या, पुढं या. बसा. नको म्हणताहेत. उभ्याच राहणार म्हणताहेत.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, त्यांच्याजवळ माइक नाही, म्हणून मीच सांगतो. वहिनी म्हणताहेत, "भावजी, मी माझ्या मनानं आल्ये न्हाय. त्यांनी धाडलंय. म्हणलं, तितं हॉलात जाऊन वाजीव, आता तरी थांबतोय का बघ. थांबला तर घिऊन ये. उरलेलं पाणी कुठं गेलं, ते इचारायचंय म्हणत्यात."

पदराखालून काढताहेत ती त्याची घंटी आहे. हँडलवरून सोडवून आणलीय.

वाजवा, वहिनी.

टक् अजून आहे तिचं.

दोन.

तीन. थांबलो, वहिनी.