जिपेची फुंकणी

शर्यतीत आमची जीप जिंकेपर्यंत भात खाणार नाही, असा नवस मी एकदा बोलले होते. जीप दोनदा हरली आणि मी ज्वारीवर दिवस काढले. तिसऱ्या शर्यतीआधी आमचे हे जीप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्याला म्हणाले, “ट्रकचा मोठा कार्बोरेटर लाव, धूम पळन.”

मी म्हटलं, “लहान चुलीले मोठी फुंकणी लावली तं राखच उडते, जाळ नाई होत.”

“तुले मोटारीतलं काय समजते?”

“मोटारीतलं नाई, चुलीतलं समजते.”

मिस्त्री म्हणाला, “बाई बरोबर हायेत, भाऊ. कार्बोरेटर म्हंजे इंजिनाले हवा अन् पेट्रोल देणारी फुंकणीच. लहान इंजिनाले मोठ्यानं जोर येईन, पण शर्यत संपल्यावर. अन् रोज मूल गावच्या बाजाराले जाताना पेट्रोल पियेन ते वेगळंच.”

शेवटी जुना काढून इंजिनाच्या मापाचा नवा लहानच बसवला. निशाण पडताच जीप पुढे निघाली ती शेवटपर्यंत पुढेच राहिली, आणि त्या रात्री मी भात शिजवला.

तुम्हीही नवस बोला. पण बोलल्यावर देवाला एकट्याला राबवू नका.